पावसाळ्यात जुने कौलारू घर उबदार कसे राखावे

गोव्यात गारठ्यापासून घर जपण्याची वेळ पौष-माघापेक्षा आषाढ-श्रावणात अधिक येते. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात पारा फारसा उतरत नाही. तरीही चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतींनी ओल धरली, फटींतून झडीचा वारा आत आला आणि अंथरूण-पांघरूण दमट झाले, की जुन्या घरात अंगावर काटा येतो. पूर्वीचे लोक आधी पाणी अडवत, मग वारा वळवत आणि ऊब निर्माण करण्याचा विचार सर्वांत शेवटी करत. आजही हाच क्रम पाळावा, कारण ओल्या भिंतीच्या घरात कितीही शेगड्या पेटवल्या तरी बरीचशी उष्णता ती ओल सुकवण्यातच खर्च होते.

मे महिन्यात, मृगाची चाहूल लागण्यापूर्वी, छप्पर शाकारून घ्यावे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मंगळुरी कौले येऊ लागली, त्याआधी नळ्यांची कौले असत; दोन्ही प्रकारांत फुटके कौल बदलणे जितके महत्त्वाचे, तितकेच सरकलेले कौल पुन्हा नीट बसवणे महत्त्वाचे असते. वासे व रिपा हाताने चाचपून पाहाव्यात आणि ज्या ठिकाणी लाकूड मऊ लागते तेथील रीप त्याच वेळी बदलावी.

यानंतरचे काम झापांचे. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येत असल्याने दक्षिणेच्या व पश्चिमेच्या भिंतींना सर्वाधिक मार बसतो, आणि त्या भिंती माडाच्या चुडतांच्या, म्हणजे झावळ्यांच्या, विणलेल्या झापांनी झाकण्याची रीत गोव्यात व कोकणात जुनी आहे. चुडत मधल्या दांड्यावर उभे चिरून दोन भाग करावेत, पाती मऊ होईपर्यंत ते पाण्यात भिजत ठेवावेत आणि मग एक पात वर, एक खाली अशी घट्ट विणावी. भिंतीपुढे बांबूंचा सांगाडा उभारून झाप खालून वर बांधत जावेत, म्हणजे वरच्या झापाची कड खालच्या झापावर येते आणि पाणी आत न शिरता ओघळून जाते. झाप भिंतीला चिकटवू मात्र नयेत. मध्ये वीतभर जागा सोडली तर तेथून हवा खेळते आणि चुकून आत आलेले पाणीही सुकते. हल्ली झापांऐवजी निळे प्लास्टिक ताणले जाते. ते पाऊस अडवते हे खरे, परंतु भिंतीला टेकवून बांधले तर आतली ओल कोंडून धरते.

भिंतीला गिलावा करायचा असल्यास चुन्याचा करावा. चिरा सच्छिद्र असतो, तो पाणी शोषतो आणि उघडीप मिळताच सोडतो. चुन्यातून ही वाफ बाहेर पडते. सिमेंटचा थर ती अडवतो, मग ओल आतल्या बाजूने चढते आणि बुरशी येते.

आता वारा. संध्याकाळी उदबत्ती पेटवून दारे-खिडक्यांच्या सांध्यांजवळून हळूहळू फिरवावी. धूर जेथे एकदम आडवा होतो, तेथे फट आहे असे समजावे. शिंपल्यांची तावदाने असलेल्या जुन्या खिडक्यांत बहुधा शिंपला फुटलेला नसतो, तर त्याला धरणारी लाकडी पट्टी सैल झालेली असते. पट्टी घट्ट केली की काम भागते. दाराखाली जुन्या लुगड्याची वाळू भरलेली सुरळी ठेवावी. निजण्याच्या खोलीवर लाकडी माळा असेल तर त्याच्या फळ्यांमधील भेगा बुजवाव्यात, कारण ऊब वर चढते आणि तेथूनच निसटते. मात्र आढ्याजवळची हवा पूर्ण बंद करू नये. माणसाच्या उंचीवरचा झोत अडवावा आणि छपराखालचा वारा वाहू द्यावा, नाहीतर वासे कुजतात.

उष्णतेसाठी जुन्या घरांत वेगळी सोय क्वचितच असे. स्वयंपाकघरातली चूल आणि न्हाणीतले पाणी तापवायचे तांब्याचे भाण यांनीच पलीकडची भिंत कोमट राहत असे, म्हणून वृद्ध माणसांचे अंथरूण त्या भिंतीलगत घालावे. भाणाखाली नारळाच्या करवंट्या व सोडणे जाळली जात. चुलीवर टांगलेल्या बांबूच्या तट्ट्यावर जळाऊ लाकूड, मिरच्या आणि ओले कपडे सुकत, आणि धुरामुळे वाशांना कीडही कमी लागे. बाळाचे कपडे निखाऱ्यांवर पालथ्या घातलेल्या टोपलीवर पसरून, त्यांना ओवा व बाळंतशेपा टाकून धुरी देण्याची पद्धत आजही उपयोगी पडते. टोपली तापते तेव्हा हात लावून पाहत राहावे आणि निखारे राखेने अर्धे झाकावेत.

हे सारे उघड्या हवेच्या, धूर निघून जाणाऱ्या जागेतच करावे. पेटते निखारे असलेली शेगडी घेऊन बंद खोलीत झोपणे जिवावर बेतते, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जमिनीचा गारवा पाट व चटयांनी तोडावा, अंथरूण लाकडी पलंगावर घालावे आणि उघडीप मिळेल तेव्हा घोंगडी-गोधड्यांना ऊन दाखवावे. चतुर्थीनंतर पाऊस ओसरला की झाप काढावेत आणि भिंतींना ऑक्टोबरचे ऊन पुरते लागू द्यावे. सांगाड्याचे चांगले बांबू पुढच्या वर्षासाठी माळ्यावर आडवे ठेवावेत.