‘गॅस कमी आहे’ म्हणण्याआधी

एसी थंड करत नाही अशी तक्रार आली की निदान जिन्यातच ठरतं: गॅस कमी आहे. पण गॅस म्हणजे काही पेट्रोल नव्हे, तो चालताना खर्च होत नाही. बंद नळ्यांत तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठूनतरी बाहेर गेलाय, आणि ती जागा बुजवली नाही तर नवा गॅसही त्याच वाटेने जाणार. मे महिन्यात टॉप-अप केलेला एसी गणपतीत पुन्हा नुसता वारा मारतो, त्याचं कारण एवढंच. खालची रीत १ ते २ टनांच्या घरगुती स्प्लिटसाठी आहे.

गेज बाहेर काढायच्या आधी

गेज (गॅसचा दाब मोजायची मीटरं) शेवटी जोडायचे. दर वेळी होज (गेजची नळी) लावता-काढताना थोडा गॅस जातो, आणि आर-३२ गॅसच्या मशीनमध्ये मुळात असतोच किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी.

आधी फिल्टर. मग टॉर्च मारून ब्लोअरची पाती बघा. फिल्टर चकाचक असला तरी पात्यांवर ओल्या धुळीचा थर बसलेला असतो, आणि तेवढ्यानेही हवा निम्म्यावर येते. नंतर आउटडोअर (बाहेरचं युनिट). मुंबईच्या टॉवरमध्ये तो अनेकदा डक्टमध्ये कोंडलेला असतो, समोरासमोर दोन-तीन मशीन एकमेकांच्या तोंडावर गरम हवा फेकत असतात. कॉइलमागे, जिथून हवा आत खेचली जाते तिथे थर्मामीटर धरा. बाहेर ३४ अंश आणि तिथे ४३ असतील तर दोष जागेचा आहे, गॅसचा नाही.

नॉन-इन्व्हर्टर मशीनमध्ये कपॅसिटर तपासा. सप्लाय बंद करून, रेझिस्टरने डिस्चार्ज करून, वायर सोडवून मोजायचा. छापलेल्या आकड्यापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त कमी भरला तर बदला. इन्व्हर्टरच्या पीसीबीवर (कंट्रोल बोर्डवर) मेन बंद केल्यानंतरही ३०० व्होल्टच्या वर डीसी साठलेला असतो. दहा मिनिटं थांबा आणि मीटरने खात्री केल्याशिवाय हात घालू नका.

आता एसी पंधरा मिनिटं चालू द्या आणि आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेतला फरक मोजा. ८ ते १२ अंश फरक ठीक मानतात, पण जुलैत याच आकड्यावर फसायला होतं. दमट हवेत मशीनची बरीच ताकद पाणी काढण्यात जाते. ड्रेन पाइपखाली बादली ठेवून बघा: तासाला २ लिटर पाणी जमलं, तर त्यासाठी साधारण १.३५ किलोवॅट-तास उष्णता काढावी लागली. दीड टनाचं मशीन तासाला काढतं सव्वापाच. म्हणजे चौथाई ताकद बादलीत गेली. अशा दिवशी ७ अंशांचा फरक दिसला म्हणून मशीन नापास करू नका.

बर्फ कुठे धरतोय तेही बघा. गॅस कमी असेल तर बर्फ बारीक पाइपच्या जॉइंटवर आणि कॉइलच्या सुरुवातीच्या भागात दिसतो, उरलेली कॉइल कोरडी आणि कोमट. हवा अडली असेल तर पूर्ण कॉइल पांढरी होते आणि जाडा पाइपही गारठतो.

गेज काय सांगतो, काय सांगत नाही

बंद मशीनचा दाब बघून गॅस किती आहे हे कळत नाही. आत थोडा जरी द्रव उरला असेल तरी ३० अंशांना आर-३२ साधारण २६५ पीएसआय (दाबाचं एकक) दाखवणारच, मग ३०० ग्रॅम असो की ९००.

चालू असताना सक्शनला (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या जाड्या पाइपवर) आर-२२ गॅस साधारण ६० ते ७०, आर-४१०ए आणि आर-३२ साधारण ११५ ते १४० पीएसआय. दाब कमी आला म्हणून लगेच सिलिंडरकडे वळू नका, हवा अडल्यावरही दाब पडतो. या दोघांना वेगळं करतो तो सुपरहीट, म्हणजे जाड्या पाइपचं तापमान आणि त्या दाबाला गॅस ज्या तापमानाला उकळतो, त्यांतला फरक. समजा आर-३२ वर ९० पीएसआय दिसतायत. त्या दाबाला गॅस उकळतो सुमारे उणे ४ अंशांना. जाड्या पाइपला, व्हॉल्व्हजवळ, क्लॅम्प थर्मामीटर लावला आणि १६ अंश आले, तर फरक २०: कॉइलला गॅस पुरत नाहीये. तिथेच ० आला तर फरक फक्त ४: गॅस भरपूर आहे, हवा नाही. या दुसऱ्या प्रकारात, जिथे गॅस भरपूर आहे, वरून आणखी गॅस ढकलला तर द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये जातो.

करंटचा आधार फक्त नॉन-इन्व्हर्टरला. गॅस कमी असेल तर प्लेटवरच्या ॲम्पिअरपेक्षा कमी, कंडेन्सर तुंबला असेल तर जास्त. इन्व्हर्टर आपला वेग स्वतः बदलतो, त्याला आधी टेस्ट मोडवर टाकल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

लीक शोधणं

तेलाचा डाग शोधा. गॅससोबत तेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटून काळा ओशट ठिपका बनतो. चारही फ्लेअर नट (पाइपच्या पसरवलेल्या तोंडावर आवळलेले), सर्व्हिस पोर्टची पिन, आउटडोअरमध्ये एकमेकांना घासणाऱ्या नळ्या आणि कॉइलचे यू-बेंड या क्रमाने जा.

मुंबईत यात हवेची भर पडते. वर्सोवा, वरळी, कुलाब्याच्या समुद्राकडच्या भिंतीवर मीठ बसतं आणि तांब्याला लागून असलेली ॲल्युमिनियमची फिन पांढरी भुकटी होऊन झडते. उघड्या नाल्याजवळच्या घरात हायड्रोजन सल्फाइडने तांबं काळं पडतं. तिसरा प्रकार सगळ्यात चकवणारा. नवीन फर्निचर, पॉलिश, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन यांतून निघणारी आम्लाची वाफ ओल्या इनडोअर कॉइलवर बसते आणि तांब्यात वारुळासारखी बारीक भोकं पाडते. बाहेरून काहीच दिसत नाही. अशी कॉइल नायट्रोजन भरून पाण्याच्या टबात बुडवल्यावर तीन-चार ठिकाणी बुडबुडे सोडते. एक भोक ब्रेझ केलं (धातू वितळवून बुजवलं) तर महिन्याभरात शेजारचं फुटतं. ग्राहकाला स्पष्ट सांगा आणि कॉइलच बदला.

लीक असलेल्या मशीनवर पंपडाउन (कॉम्प्रेसरनेच सगळा गॅस आउटडोअरमध्ये गोळा करणं) करायचं नाही. कॉम्प्रेसर चालू ठेवून बारीक व्हॉल्व्ह बंद केला की लो साइड (कमी दाबाची बाजू) व्हॅक्यूममध्ये जाते आणि भोकातून हवा आत ओढली जाते. हवा आणि तेल एकत्र दाबले गेले की कॉम्प्रेसर बॉम्बसारखा फुटू शकतो. उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने रिकाम्या सिलिंडरमध्ये घ्या.

जोड, नायट्रोजन, व्हॅक्यूम

फ्लेअर नव्याने करायची असेल तर पाइप कटरने कापा, तोंड खाली धरून बर (कापताना उठलेली कड) काढा म्हणजे कीस आत पडत नाही, आणि नट आधी घाला (हे विसरणारे कमी नाहीत). आर-३२ साठी तयार फ्लेअरचा व्यास पाव इंची पाइपला ८.७ ते ९.१ मिलिमीटर, तीन-अष्टमांशला १२.८ ते १३.२, अर्ध्या इंचीला १६.२ ते १६.६. टॉर्क रेंचवर अनुक्रमे साधारण १६, ३६ आणि ५५ न्यूटन-मीटर. दोन पान्यांनी जोर लावून आवळलेला नट त्या दिवशी धरतो, पण फ्लेअरची कड चेपून पातळ होते आणि ती पुढे चिरते.

ब्रेझिंगच्या आधी गॅस पूर्ण काढून नायट्रोजनने लाइन धुवा. आर-३२ जळू शकतो, आणि ज्वालेत सापडला की विषारी हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. खिडकी उघडी हवीच. ब्रेझ करताना आतून नायट्रोजनची अगदी हलकी धार चालू ठेवा, नाहीतर पाइपच्या आत काळी खपली धरते आणि पुढे कॅपिलरीत (अगदी बारीक नळीत) जाऊन अडकते.

प्रेशर टेस्ट नायट्रोजननेच, रेग्युलेटर लावून. ऑक्सिजन चुकूनही नाही, तेलाला लागताच स्फोट होतो. आधी ७० पीएसआयला पाच मिनिटं, मग २००, मग ३००. याच्या वर जायचं तर प्लेटवरचा आकडा ओलांडायचा नाही. जोडांना साबणाचा दाट फेस लावा, नंतर साध्या पाण्याने पुसा. दाब थोडा उतरला तर आधी तापमान बघा. ३०० पीएसआयला दर अंशामागे सुमारे १ पीएसआय आपोआप कमी होतो, त्यामुळे दुपारी भरून संध्याकाळी ५ उतरले तर ती लीक नसेलही.

व्हॅक्यूमला, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढायला, वेळ द्या, खासकरून पावसाळ्यात. आर-३२ आणि आर-४१०ए च्या मशीनमधलं पीओई हे कॉम्प्रेसरचं तेल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि ते पुन्हा सोडत नाही. साध्या गेजची सुई उणे ३० इंचाला टेकली म्हणून काम झालं असं नाही, तिथपासून ५०० मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन हे व्हॅक्यूम मोजायचं एकक) प्रवास ती सुई दाखवूच शकत नाही. मायक्रॉन गेज पंपावर नाही, मशीनच्या बाजूला जोडा. ५०० च्या खाली गेल्यावर पंप वेगळा करून दहा-पंधरा मिनिटं थांबा. आकडा चढत चढत हजार-दीड हजारावर स्थिरावला तर आत ओल आहे: नायट्रोजन भरून व्हॅक्यूम तोडा आणि पुन्हा ओढा. थांबतच नसेल तर लीक राहिली आहे. पंपाचं तेल दुधाळ झालं असेल तर ते बदलल्याशिवाय आकडा खाली येणार नाही.

भरणं

वजनकाट्यावर, प्लेटवर लिहिलेले ग्रॅम. गेजवर दाब बघत भरलेला गॅस हा अंदाज असतो. पाइप कारखान्यातल्या लांबीपेक्षा मोठा असेल तर जादा मीटरमागे किती ग्रॅम ते त्या मॉडेलच्या कागदात असतं. आर-४१०ए मिश्रण आहे, तो द्रवरूपातच काढा. आर-३२ एकच घटक असल्याने तसं बंधन नाही. आर-२२ च्या मशीनमध्ये आर-३२ भरायचा नाही: दाब दीडपटीहून जास्त, तेल वेगळं, वर ज्वलनशील.

आउटडोअर बाहेरच्या ब्रॅकेटवर असेल तर फुल बॉडी हार्नेस, आणि दोर खिडकीच्या ग्रिलला नाही, बीम किंवा कॉलमच्या पक्क्या अँकरला. ब्रॅकेटच्या बोल्टला गंज असेल तर वजन टाकण्याआधी तो बदला. समुद्राकडच्या मशीनला दर दोन-तीन महिन्यांनी साध्या पाण्याने, फिनच्या सरळ रेषेत, हलक्या दाबाने धुवा. आम्लाचं केमिकल त्या कॉइलवर नको, मिठाने उरलेलं ते खाऊन टाकतं.

होज काढल्यावर पोर्टला आणि दोन्ही व्हॉल्व्हना फेस लावून परत बघा. पितळी टोप्या हाताने नाही, पान्याने आवळा. पिन थोडी पाझरत असली तर गॅस अडवणारी शेवटची जागा ही टोपीच असते, आणि ड्रॉवरमध्ये राहून गेलेल्या एका टोपीमुळे वर्षभरात अर्धा गॅस जाऊ शकतो. भरलेले ग्रॅम आणि तारीख आउटडोअरच्या पॅनेलच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा.