मिडी नोट्स स्क्रिप्टने बदलायच्या आहेत? स्वस्तात सॉफ्टवेअर कसं निवडायचं आणि नोट्स कशा सांभाळायच्या

कीबोर्डवर हार्मोनियमची तीनेकशे नोट्सची ओळ वाजवून मिडीत रेकॉर्ड केली (मिडी म्हणजे आवाज नव्हे, कुठली पट्टी कधी आणि किती जोरात दाबली याची नोंद) आणि दुसऱ्या दिवशी कळलं की चाल बिलावलमध्ये नको, काफी थाटात हवी, म्हणजे सगळे शुद्ध गंधार आणि शुद्ध निषाद कोमल करायचे. अख्खा ट्रॅक वरखाली करायचा असता, पांढरी एकची काळी एक करायची असती, तर ट्रान्सपोजचं एक बटण पुरलं असतं. पण ठरावीक स्वरच खाली आणायचे म्हटलं की पियानो रोलमध्ये, म्हणजे नोट्स आडव्या रेघांसारख्या दाखवणाऱ्या खिडकीत, एकेक नोट माउसने ओढत बसावं लागतं. हे मी भरपूर वेळा केलंय आणि दर वेळी दोनचार नोट्स राहून जातात, त्या नेमक्या तालमीत ऐकू येतात. असल्या कामाला स्क्रिप्टच हवी, म्हणजे हे आपोआप करणारा छोटा प्रोग्राम.

आता सॉफ्टवेअर. कुणालाही विचारलं की दोनच सल्ले मिळतात, एकतर वीसपंचवीस हजारांचं मोठं पॅकेज घे, नाहीतर क्रॅक, म्हणजे चोरीची कॉपी, टाक. दोन्ही चुकीचे. क्रॅकमधून व्हायरस येतो आणि तुमचं चालू काम एखाद्या अपडेटनंतर उघडेनासं होतं. आणि महागडं पॅकेज घेतलं म्हणून त्यात हवं तसं स्क्रिप्टिंग मिळेलच असंही नाही. किंमत बघण्याआधी एकच गोष्ट तपासा: स्क्रिप्टला लिहून झालेली नोट वाचता येते का, बदलता येते का आणि पुसता येते का. अ‍ॅपलच्या लॉजिक प्रो या सॉफ्टवेअरमधलं स्क्रिप्टर छान आहे, जावास्क्रिप्टमध्ये चालतं, पण ते ट्रॅक वाजत असताना त्यातून जाणारी मिडी बदलतं, रीजनमध्ये (ट्रॅकवरच्या क्लिपमध्ये) लिहिलेल्या नोट्स जशाच्या तशाच राहतात, शिवाय ते फक्त अ‍ॅपलच्या उपकरणांवर आहे. आपल्याला हवंय ते हे नाही.

माझं ठाम मत रीपर, तेही संगीत रेकॉर्ड आणि एडिट करायचं सॉफ्टवेअर. ६० दिवस पूर्ण चालतं, काहीही बंद ठेवलेलं नसतं, आणि मग घरगुती किंवा छोट्या धंद्यासाठी लायसन्स ६० डॉलरचं आहे. संगीतातून वर्षाला २० हजार डॉलरपेक्षा जास्त कमाई असेल तर २२५ डॉलरचं. स्क्रिप्टिंगसाठी लुआ ही प्रोग्रामिंगची भाषा आतच बसवलेली येते, पायथनही चालतं पण ते वेगळं इन्स्टॉल करावं लागतं, म्हणून सुरुवात लुआनेच करा. एफएल स्टुडिओ आधीच घेतलेलं असेल तर आणखी खर्च करू नका, २०२३ पासून त्याच्या पियानो रोलमध्ये पायथन स्क्रिप्ट चालतात आणि पुढचे अपडेट आयुष्यभर फुकट असतात. फक्त त्याच्या ट्रायलमध्ये सेव्ह केलेला प्रोजेक्ट लायसन्स घेईपर्यंत परत उघडत नाही, हे लक्षात ठेवा. स्टाफ नोटेशनवर काम करणाऱ्यांना म्यूजस्कोअर फुकट आहे आणि त्याला प्लगइन लिहिता येतात.

इथून पुढचं सगळं रीपरवर.

रीपर टाका, मिडी क्लिप उघडा, मिडी एडिटरच्या आतला अ‍ॅक्शन्स मेन्यू उघडून तिथे नवीन रीस्क्रिप्ट (रीपरमधली स्क्रिप्ट) बनवा. आतला म्हणतोय, मेन विंडोतला नाही. स्क्रिप्ट मेन सेक्शनमध्ये ठेवली की मिडी एडिटरमध्ये असताना तिचा शॉर्टकट चालत नाही आणि माणूस उगाच कोडमध्ये चूक शोधत बसतो. कंट्रोल एस दाबलं की स्क्रिप्ट सेव्ह होते आणि लगेच चालतेसुद्धा, म्हणून आधी क्लिपची कॉपी करून ठेवा.

स्क्रिप्टचा सांगाडा सोपा आहे. चालू एडिटर मागायचा, त्यातून टेक (क्लिपमधलं रेकॉर्डिंग) घ्यायचा, टेक मिळाला नाही तर तिथेच थांबायचं. मग नोट्स मोजायच्या. मोजणीचं फंक्शन बरेच आकडे परत देतं, त्यातला पहिला नोट्सचा नसतो, दुसरा असतो. आणि नोट्सची मोजणी शून्यापासून, म्हणजे ३०० नोट्स असतील तर शेवटची २९९ नंबरची.

स्वर ओळखायचा हिशोब असा: नोटच्या पिचमधून (मिडीतल्या स्वराच्या नंबरातून) सा चा पिच वजा करा, १२ ने भागा, बाकी बघा. मधला सी म्हणजे ६०, पांढरी एकचा सा तोच धरा. बाकी ४ आली तर शुद्ध गंधार, ११ आली तर शुद्ध निषाद. दोघांचा पिच एकाने कमी केला की कोमल. सा काळी चारचा असेल तर ६० च्या जागी ६८, बाकी सगळं तेच.

आता खरी अडचण, जिच्यात मी कित्येक रात्री घालवल्यात.

पहिली स्क्रिप्ट मी लिहिली ती नोट्स पुसायची होती. कीबोर्डवर बोट चुकून घासलं की एकदम हलक्या नोट्स रेकॉर्ड होतात, तर व्हेलॉसिटी (पट्टी दाबण्याचा जोर) २० च्या खाली असेल ती पूस, एवढंच. शून्यापासून वर मोजत गेलो आणि चालवली तर निम्म्या नोट्स तिथेच. परत चालवली, आणखी थोड्या गेल्या. मला वाटलं सॉफ्टवेअरमध्येच बिघाड आहे. कारण साधं होतं: ५ नंबरची नोट पुसली की ६ नंबरची लगेच ५ व्या जागेवर सरकते, पण लूप (एकेक नोट बघत जाणारा कोडचा भाग) तर ६ वर गेलेला असतो, म्हणजे सरकलेली नोट कुणी बघितलीच नाही. दोन हलक्या नोट्स लागोपाठ आल्या की दुसरी हमखास वाचते. म्हणून पुसायचं असेल तर नेहमी शेवटून सुरुवातीकडे या. २९९ पासून शून्यापर्यंत. मागच्या नोट्स सरकल्या तरी त्या आधीच बघून झालेल्या असतात. इंटरनेटवर सापडणाऱ्या कितीतरी स्क्रिप्ट पुढूनच पुसतात, त्या डोळे झाकून उचलू नका.

दुसरा खड्डा नोटची जागा बदलताना. नोट पुढेमागे केली की रीपर यादी पुन्हा वेळेप्रमाणे लावतं आणि नंबर बदलतात, मग तुम्ही सातवी समजून आठवीला हात लावता. नोट बदलायच्या फंक्शनला शेवटी एक पर्याय असतो, आत्ता सॉर्ट करू नको असं सांगायचा, तो ट्रू (म्हणजे होय) द्या आणि सगळं संपल्यावर एकदाच मिडी सॉर्ट बोलवा. ज्या गोष्टी बदलायच्या नाहीत तिथे निल (म्हणजे काहीच नाही) द्या, जुनेच आकडे परत लिहीत बसू नका.

तिसरा खड्डा सगळ्यात वाईट, कारण तो दिसत नाही, फक्त ऐकू येतो. कीबोर्डवर कोमल गंधाराचा कण (मुख्य स्वराआधीचा ओझरता स्वर) घेऊन शुद्ध गंधारावर गेलात तर दोन्ही नोट्स थोड्या एकमेकींवर चढलेल्या असतात, कारण पहिली पट्टी सुटायच्या आत दुसरी दाबलेली असते. स्क्रिप्टने शुद्ध गंधार खाली आणला की दोघींचा पिच एकच झाला. मिडीमध्ये नोट बंद करायचा जो निरोप जातो त्यात नोट ओळखायला फक्त चॅनल आणि पिच असतो, त्या पिचच्या दोन नोट्सपैकी कुठली ते नसतं. मग कण संपतानाचा निरोप लांब गंधारालाही बंद करून टाकतो. माझ्या एका भजनाच्या ट्रॅकमध्ये प्रत्येक अंतऱ्याला गंधार अर्ध्यात तुटत होता आणि मी दोन दिवस हार्मोनियमचा आवाज बदलून बदलून बघत होतो, नोट्सकडे बघितलंच नाही.

म्हणून आता मी वाचता वाचता काही बदलत नाही. आधी सगळ्या नोट्स एका टेबलमध्ये (लुआतल्या यादीत) वाचून घेतो, नवे पिच टेबलमध्येच ठरवतो, मग बघतो की एकाच चॅनलवर एकाच पिचच्या दोन नोट्स एकमेकींवर चढतायत का. चढत असतील आणि पहिली कणाएवढी छोटी असेल तर ती काढायच्या यादीत, कारण त्याच स्वराला त्याच स्वराचा कण देण्यात अर्थ नाही. पहिली लांब असेल तर तिचा शेवट दुसरीच्या सुरुवातीला आणून ठेवतो. मग आधी बदल लिहायचे, सॉर्ट न करता, आणि त्यानंतर शेवटून पुसायचं, सगळ्यात शेवटी सॉर्ट. हा क्रम उलटा केलात तर टेबलमधले नंबर खोटे पडतात.

सगळ्याला अनडू ब्लॉकमध्ये गुंडाळा, सुरुवातीला बिगिन आणि शेवटी एंड, म्हणजे एका कंट्रोल झेडने सगळं परत येतं.

एवढं जमलं की बाकीचं पटापट होतं. तबल्याच्या ट्रॅकमध्ये समेवर जोर आणि खालीला हलकं करायचंय? रीपरमध्ये मुळात एका क्वार्टर नोटचे ९६० टिक (वेळ मोजायचे बारीक भाग) असतात, एक मात्रा एक क्वार्टर धरली तर तीनतालाचं आवर्तन १५३६० टिकचं. नोट ज्या टिकला सुरू होते त्या आकड्याला १५३६० ने भागून बाकी शून्याजवळ आली तर सम, ७६८० जवळ आली तर खाली. बरोबर शून्य शोधू नका, हाताने वाजवलेलं तिथे कधीच नसतं, आणि समेच्या जरा आधी पडलेल्या बोलाची बाकी १५३६० च्या जवळ येते, तोही समेचाच धरा. क्लिप समेपासून सुरू होत असली पाहिजे. व्हेलॉसिटी वाढवताना १२७ च्या वर आणि कमी करताना १ च्या खाली जाऊ देऊ नका.

पन्नास फाइल्स एकदम बदलायच्या असतील तर रीपर उघडूच नका, पायथन आणि त्यातली मिडी फाइल्स हाताळणारी मिडो लायब्ररी घ्या, दोन्ही फुकट. तिथे दोन गोष्टी सांभाळा. नोट ऑन आणि व्हेलॉसिटी शून्य म्हणजे नोट बंद, बऱ्याच फाइल्समध्ये नोट ऑफ वेगळा नसतोच. आणि प्रत्येक मेसेजचा वेळ आधीच्या मेसेजपासून मोजलेला असतो, म्हणून एखादा मेसेज काढलात तर त्याचा वेळ पुढच्यात मिळवा, नाहीतर तिथून पुढचं सगळं गाणं लवकर येतं. नव्या फाइल्स वेगळ्या फोल्डरमध्ये सेव्ह करा आणि एक फाइल पूर्ण ऐकून मगच बाकीच्या ४९ चालवा.