चालकविरहित गाड्यांची सुरक्षा आणि कायदा : अभ्यासाला कुठून लागायचं

या विषयात नव्याने येणारे बरेच जण 'गाडीने म्हाताऱ्याला वाचवायचं की लहान मुलाला' या कोड्यातच अडकून पडतात. ते तूर्त बाजूला ठेवा. कोर्टात आणि चौकशीत पहिला प्रश्न साधा असतो: त्या सेकंदाला गाडी कोणाच्या ताब्यात होती?

त्यासाठी गाडी किती स्वयंचलित आहे हे सांगणाऱ्या एसएई जे3016 या मानकातल्या 0 ते 5 या लेव्हल पक्क्या हव्यात. घोळ होतो तो 2 आणि 3 मध्ये. लेव्हल 2 ला स्टिअरिंग, ब्रेक यंत्रणा सांभाळते, पण रस्त्यावर नजर चालकानेच ठेवायची. लेव्हल 3 ला नजरही यंत्रणेची. तिने हाक दिली की माणसाने ताबा घ्यायचा. हा सांधा फार नाजूक आहे. स्वतः लेन धरून चालणाऱ्या गाड्यांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्र. 157 नुसार हाकेला चालकाने ओ दिली नाही, तर गंभीर बिघाड वगळता किमान 10 सेकंद वाट पाहून गाडीने आपणहून थांबायला लागायचं. ताबा कधी दिला, कधी घेतला, याची वेळेसकट नोंदही सक्तीची. धडकेच्या वेळचा वेग, ब्रेक वगैरे मात्र वेगळ्या रेकॉर्डरमध्ये असतात. दोन्ही नोंदी जुळवल्याशिवाय मत बनवू नका.

आता एक अभ्यास हाताने करा. 18 मार्च 2018 रोजी अमेरिकेतल्या टेम्पी शहरात उबरच्या चाचणी गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली. तिचा मृत्यू झाला. एनटीएसबीचा (अमेरिकेतली अपघातांची चौकशी करणारी सरकारी संस्था) चौकशी अहवाल काढा आणि कागदावर चार रकाने आखा: धडकेआधीचे सेकंद, यंत्रणेला काय दिसलं, गाडीने काय केलं, माणसाने काय केलं. 5.6 सेकंद आधी रडारला ती दिसली होती. मग तिची ओळख बदलत राहिली: वाहन, इतर वस्तू, सायकल. ओळख बदलली की आधीच्या हालचालीचा माग पुसला जाई, त्यामुळे ती कुठे निघाली आहे याचा अंदाजच बांधला गेला नाही. झेब्रा क्रॉसिंगबाहेर माणूस असू शकतो, हे यंत्रणेत गृहीतच नव्हतं. 1.2 सेकंद उरले असताना धोका ओळखला, तर फुकाचे ब्रेक लागू नयेत म्हणून ठेवलेला एक सेकंदाचा विलंब आडवा आला. गाडीच्या मूळ कंपनीचा आपत्कालीन ब्रेकही त्या वेळी बंद ठेवलेला होता.

या तक्त्यात एकही सुटा भाग बिघडलेला सापडत नाही, हे नीट पाहा. आयएसओ 26262 हे आंतरराष्ट्रीय सुरक्षा-मानक सर्किट किंवा सॉफ्टवेअरमधल्या बिघाडासाठी आहे. काहीही न बिघडता क्षमताच अपुरी पडली, तर तो प्रश्न आयएसओ 21448 चा. नवखे पहिलंच मानक वाचून थांबतात.

कायद्याकडे तक्ता घेऊनच जा. टेम्पी प्रकरणात कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. 2023 मध्ये, चाचणीवर लक्ष ठेवायला गाडीत बसलेल्या सुरक्षा-चालक महिलेने गुन्हा कबूल केला. एनटीएसबीने मात्र तिच्या दुर्लक्षाबरोबर कंपनीच्या ढिसाळ सुरक्षा-व्यवस्थेवरही बोट ठेवलं होतं. चौकशी पुढचा अपघात टाळण्यासाठी असते, खटला दोष ठरवण्यासाठी. एकाचा निष्कर्ष दुसऱ्याचा निकाल म्हणून लिहू नका. हे वाचून झालं की ब्रिटनचा स्वयंचलित गाड्यांबद्दलचा 2024 चा कायदा (ऑटोमेटेड व्हेइकल्स ॲक्ट) घ्या. मान्यताप्राप्त गाडी स्वतः चालत असताना, ती ज्या प्रकारे चालली त्याबद्दल आत बसलेल्या माणसाला त्यात संरक्षणाची तरतूद आहे, पण विमा आणि सीटबेल्टसारख्या जबाबदाऱ्या त्याच्याकडेच राहतात. टेम्पीच्या तक्त्याला पाचवा रकाना जोडा आणि या कायद्याखाली प्रत्येक ओळीला जबाबदार कोण ठरलं असतं, ते भरा.