‘अदृश्य’ लिहिण्याआधी: आरोग्य-अनुवादात नव्याने येणाऱ्यांसाठी

आरोग्याच्या आणि सुरक्षिततेच्या पत्रकांचा अनुवाद करायला लागलात की एक शब्द हाताला चिकटतो: ‘अदृश्य’. विषाणू अदृश्य, किरण अदृश्य, धोका तर कायमच अदृश्य. मी या शब्दात फार काळ अडकून होतो आणि त्याची टोचणी अजून गेलेली नाही. म्हणून दर, मुदती, फाँट हे सगळं बाजूला ठेवून फक्त याच्यावरच लिहितो आहे.

गॅस गीझर घ्या. बंद न्हाणीघरात हवा कमी पडली, गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. ‘हा अदृश्य विषारी वायू आहे’ असं लिहिलं तर वाक्य बरोबरच आहे, पण कुणाच्या कामाचं नाही. सिलिंडरमधला गॅसही दिसत नाहीच. तो गळाला तर कळावा म्हणून त्यात उग्र वासाचं मरकॅप्टन मिसळतात, त्यामुळे ‘गॅस असेल तर वास येईलच’ हे घरोघरी पक्कं बसलं आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि श्वासाबरोबर आत जाताना नाका-घशात चुरचुरतही नाही. ‘अदृश्य’ वाचून माणूस वासाची वाट बघत बसेल आणि जिवाला मुकेल. तिथे लिहायचं ते असं: ‘या वायूला वास येत नाही. डोकं दुखलं, गरगरलं, मळमळलं तर लगेच बाहेर या.’

म्हणजे शब्द शोधण्याआधी विचारा: कोणत्या इंद्रियाला कळत नाही, आणि का? दर सेकंदाला 20,000 कंपनांच्या वरचा ध्वनी ‘श्राव्यातीत’. तो क्षीण असतो असं मुळीच नाही. आपला कान तिथवर पोचत नाही, वटवाघळाचा पोचतो. डोळ्यांना फार लहान ते ‘सूक्ष्म’. बर्फ वितळताना उष्णता आत जात राहते आणि तापमापी 0 अंशांवरून हलत नाही, ती ‘अप्रकट’. समोर असून नजरेतून सुटलं ते ‘अलक्षित’. ‘अगोचर’ अर्थाने नेमका आहे, पण ‘अगोचर कार्टं’ ऐकत वाढलेल्या माणसाला तो पत्रकात देऊ नका. ‘अतींद्रिय’ थेट ज्ञानेश्वरीत सापडतो, पण आज तो वाचून लोकांना सिद्धी आणि चमत्कार आठवतात.

क्षयरोगावर मात्र थांबा. इथे चूक महागात पडते. ‘सुप्त क्षयसंसर्ग’ म्हणजे जंतू शरीरात आहेत पण दबलेले. त्या माणसाला आजार नाही आणि त्याच्यापासून दुसऱ्याला लागणही होत नाही. जगातल्या साधारण एक चतुर्थांश लोकांना क्षयजंतूंचा संसर्ग झालेला असावा असा अंदाज आहे. ‘लक्षणविरहित क्षयरोग’ ही वेगळी अवस्था. तिथे रोग चालू असतो, फक्त माणसाला खोकला-ताप जाणवत नाही, आणि त्याच्याकडून जंतू पसरू शकतात. दोन्हींना ‘छुपा क्षय’ म्हटलंत तर पहिल्याला घरचे विनाकारण वेगळं ताट देतील आणि दुसरा निर्धास्त फिरेल. मूळ मजकुरात कोणती अवस्था आहे हे कळल्याशिवाय पुढचं वाक्य लिहू नका. कळत नसेल तर विचारा. विचारणाऱ्याला काम मिळत नाही ही भीती खोटी आहे.

परिभाषा कोश जवळ हवाच, पण तो संज्ञा देतो, वाचक देत नाही. यंत्राने केलेल्या कच्च्या अनुवादावरून हात फिरवून काम शिकता येतं असं मला वाटत नाही. सगळीकडे तोच गुळगुळीत ‘अदृश्य’ येतो आणि डोळ्याला खटकेनासा होतो. लाल रेघ मारून कारण न सांगणारा ज्येष्ठ कितीही नावाजलेला असो, त्याच्याकडे वर्षं घालवू नका. त्यापेक्षा एखाद्या आशाताईंना मसुदा मोठ्याने वाचायला द्या. त्या जिथे अडखळतील ते वाक्य बदला.

सुरुवातीला दिवसाकाठी फार थोडा मजकूर हातावेगळा होईल, आणि शब्दामागे पैसे मिळत असतील तर ते जाचेल. पण घाबरू नका. हे प्रश्न थोडेच आहेत आणि तेच तेच येतात. एक वही करा. प्रत्येक शब्दापुढे कोणत्या इंद्रियाला कळत नाही, का, आणि वाचकाने काय करायचं एवढं लिहीत जा. माझ्या वहीत ‘किरणोत्सार’ या शब्दापुढचं पान अजून खाडाखोडीने भरलेलं आहे.