स्ट्रॅटचा नाकातला आवाज कसा गेला

सेकंडहँड घेतलेल्या स्ट्रॅटचा (स्ट्रॅटोकास्टर, इलेक्ट्रिक गिटार) ब्रिज पिकअप, म्हणजे तारांचं कंपन टिपणाऱ्या चुंबकी कॉइलपैकी ब्रिजजवळची, आधीच्या मालकाने बदलला होता. एकेकटे पिकअप ठणठणीत वाजत. पण ब्रिज आणि मधला एकत्र लावला की आवाज पातळ, बेस गायब. फेज उलटी असल्याची, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांना मारत असल्याची शंका आली.

दोन्ही पिकअप स्विचपासून सोडवले. काट्याचा मल्टिमीटर ओहमवर ठेवून लाल पिन पांढऱ्या वायरीला, काळी काळीला लावली. स्क्रूड्रायव्हर पोलपीसला (पिकअपवरच्या धातूच्या खुंटीला) टेकवून झटकन उचलला: मधल्यावर काटा उजवीकडे उडाला, ब्रिजवर डावीकडे. मग काय, ब्रिजच्या वायरी उलट जोडल्या. अर्थची वायर जिथे लागते त्या पॉटच्या (आवाजाच्या नॉबखालचा भाग) पाठीवर सोल्डर धरेना, ती आधी पॉलिश पेपरने घासली.

पिकअपला धातूचं कव्हर असेल तर त्याचं अर्थिंग आधी वेगळं काढा, नाहीतर गुणगुण वाढते.