आपल्याच माणसांवरचा जोक सांगायचा की नाही, हे कसं ठरवायचं

सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री अकराला उभ्या उभ्या खाताना असो नाहीतर फॅमिली ग्रुपवर असो, आमच्या इंदूरच्या मराठी मंडळींमध्ये कोणीतरी सुरू करतंच, मराठी माणूस आणि धंदा, मराठी माणूस आणि कंजूषपणा, आणि कोणी टोकलं की उत्तर ठरलेलं, अरे आपण स्वतः मराठीच ना, स्वतःवरच बोलतोय, यात रेसिझम कुठून आला. मी पण खूप वर्षं हेच म्हणायचे. आता नाही म्हणत, आणि जोक तोंडात आला की मी काय बघते ते सांगते.

पहिलं म्हणजे जोक खरंच "स्वतःवर" आहे का ते बघा. मी भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घातली ही माझी गोष्ट, ती मी हवी तशी सांगेन. पण "आपले लोक असलेच" म्हटलं की त्यात 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटींहून जास्त लोक आले, त्यांच्या वतीने बोलायचा हक्क मला कोणी दिला?

मग शब्दाचा प्रश्न, कारण लोक म्हणतात मराठी ही काही रेस नाही. संयुक्त राष्ट्रांचा वंशभेदाविरुद्धचा करार 1965 चा आहे, भारताने तो 1968 मध्ये मान्य केला, त्यात रंग आणि वंशाबरोबर कूळ आणि वांशिक मूळही धरलंय, आणि हेतूइतकाच परिणामही मोजलाय. आता तो करार हक्क हिरावणाऱ्या भेदभावाबद्दल आहे, एका जोकने कोणी त्यात सापडत नाही हे मान्य. पण "अमुक लोक जन्मतःच कमी" हा विचार बाहेरच्याने मांडला तर रेसिझम आणि आपल्यातल्याने मांडला तर गंमत, हे मला पटत नाही, विचार तोच आहे.

आता ती खेकड्यांची टोपली घ्या, मराठी खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही, एक वर चढला की दुसरा पाय ओढतो. आपण सगळ्यांनी हा हसत हसत सांगितलाय. हाच खेकडा फिलिपिन्समध्ये तिथले लोक स्वतःबद्दल सांगतात, आणि परदेशातले भारतीय अख्ख्या भारताबद्दल. म्हणून जोकमधलं नाव बदलून बघायचं, कुठल्याही समाजाचं नाव घालून तो तसाच चालत असेल तर त्यात आपल्याबद्दलचं खरं काहीच नाही, फक्त कमीपणा आहे आणि आपण त्यावर आपलं नाव चिकटवलंय.

सगळ्यात जास्त मला टोचतं ते आपल्या भाषेवरचं. पुण्याचे नातेवाईक आले की ते काही बोलायच्या आधी आपणच सुरू करतो, आमचं मराठी काय, अर्धं हिंदी, आम्ही "ती चालली गेली" म्हणणारे लोक. माझ्या भाचीने एकदा मोठ्या मावशीसमोर तसंच काहीतरी म्हटलं, सगळे हसले, मी पण हसले, आणि त्यानंतर पोरगी पाहुण्यांसमोर मराठीत बोललीच नाही, कित्येक महिने, विचारलं की हिंदीत उत्तर. बाहेरचं कोणी चिडवलं नव्हतं हो तिला, घरच्यांनीच चिडवलं. आणि खरं तर हसण्यासारखं काय आहे त्यात, 1818 मध्ये मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली, त्यालाच 200 वर्षं होऊन गेली, माळवीच्या आणि हिंदीच्या शेजारी इतकं राहिल्यावर भाषेला तो रंग चढणारच, ती बिघडलेली नाही, इथली आहे. तेव्हा जोक सांगताना खोलीत सगळ्यात लहान कोण बसलंय ते बघत जा प्लीज.

अजून एक गोष्ट, जी आपण टाळतो. "आपले" म्हणजे नक्की कोण? मराठीत जाती आहेत, आणि वरच्या जातीच्या माणसाने दलित समाजावर जोक करून "आपण सगळे मराठीच की" म्हणणं म्हणजे स्वतःवरचा जोक अजिबात नाही. 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदासुद्धा, लोकांसमोर मुद्दाम अपमान केला तर बोलणारा अनुसूचित जाती-जमातीचा आहे की नाही हे बघतो. इथे मी सरळ सांगते, असला जोक सांगूच नका.

ऐकणारे कोण आहेत हेही तितकंच महत्त्वाचं. थॉमस फोर्ड आणि मार्क फर्ग्युसन या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी 2004 मध्ये मांडलं की असले विनोद ऐकून चांगल्या माणसाचं मन एकदम बदलत नाही, पण ज्याच्या मनात आधीच आकस आहे त्याला वाटतं की इथे हे चालतं. म्हणजे ऑफिसमध्ये तुम्ही स्वतःच "भिया, मराठी लोक तो ऐसेच होते हैं" म्हणालात की पुढच्या वेळी तोच जोक दुसरा कोणी तुमच्याच नव्या मराठी सहकाऱ्याला ऐकवणार, आणि वर म्हणणार की हे तर तुमच्यातल्यानेच सांगितलं होतं.

याचा अर्थ गप्प बसायचं असं नाही. मनोविश्लेषणवाल्या फ्रॉइडने 1905 मध्ये ज्यू लोकांच्या स्वतःवरच्या विनोदाबद्दल लिहिलं होतं की त्यांना आपले दोषही माहीत असतात आणि त्या दोषांना जोडून असलेले गुणही, बाहेरच्यांच्या विनोदात ते नसतं. ही कसोटी मला फार आवडते. आजी निघते निघते म्हणत दारात तासभर बोलत उभी राहते, यावर हसा की खुशाल, त्यात तिची माया दिसते. कंजूषपणाच्या जोकमध्ये काटकसर करून मुलांना शिकवणारा बाप दिसतो का? नसेल दिसत तर सोडून द्या.

कोर्ट हे ठरवून देईल अशी वाट बघू नका, सरदारजींवरच्या जोकच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये सांगितलं की नागरिकांसाठी असले नैतिक नियम कोर्ट घालून देऊ शकत नाही. 

आणि सांगून झाला असेल तर? लांबलचक माफी नको, त्याच ग्रुपवर एवढं लिहा की मी मघाशी टाकलेला जोक बरोबर नव्हता, पुढे पाठवू नका. घरात कोणी मोठ्याने सांगितला तर सगळ्यांसमोर वाद न घालता नंतर बाजूला जाऊन बोला. मावशीला मी भाचीचंच सांगितलं, "मावशी, पोरगी तुमच्यासमोर मराठी बोलायला घाबरते हो". ती बराच वेळ काही बोलली नाही, मग तिने भाचीला फोन लावून दिवाळीच्या फराळात काय काय केलंस ते विचारलं आणि मधे एकदाही तिचा शब्द सुधारला नाही.