सरकारी एमबीबीएसची जागा सोडायची असेल तर

प्रवेश घेतलेली जागा सोडताना घरात पहिला प्रश्न येतो तो दहा लाखांच्या दंडाचा. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. महाराष्ट्रात सरकारी आणि महापालिका महाविद्यालयांतून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष शासकीय सेवा करायची असते, ती टाळणाऱ्यांसाठी 10 लाखांचा दंड वर्षानुवर्षे होता. हे झालं सेवेचं बंधपत्र (बाँड). अभ्यासक्रम मध्येच सोडल्याबद्दलचा दंड ही वेगळी अट आहे, आणि ती लागू होते की नाही हे प्रवेश रद्द करण्याच्या अंतिम तारखेवर ठरतं. म्हणून आधी तुमच्या प्रवेशवर्षाची सीईटी कक्षाची (राज्यातले प्रवेश पाहणाऱ्या शासकीय कक्षाची) माहितीपुस्तिका आणि तुम्ही सही केलेलं बंधपत्र समोर घ्या. मागच्या बॅचच्या सीनिअरने सांगितलेला आकडा चालत नाही, अटी वर्षागणिक बदलतात.

अखिल भारतीय कोट्यातून, म्हणजे एमसीसीमार्फत (केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीमार्फत), जागा मिळाली असेल तर ती जागावाटपाच्या कितव्या फेरीत मिळाली ते पाहा. पहिल्या फेरीतली जागा दिलेल्या मुदतीत सोडली तर अनामत सुरक्षित राहते. दुसऱ्या फेरीपासून ती जाते: खुल्या गटाचे 10,000, राखीव गटांचे 5,000, अभिमत (डीम्ड) विद्यापीठासाठी भरलेले 2 लाख. तिसऱ्या फेरीत रुजू झाल्यावर राजीनाम्याची वाट बंद समजा.

फक्त वर्गात जाणं बंद केल्याने प्रवेश रद्द होत नाही. जागा तुमच्याच नावावर राहते, आणि दुसऱ्या समुपदेशनात (जागावाटपाच्या प्रक्रियेत) तुम्ही अपात्र ठरता.

अर्ज अधिष्ठात्यांच्या (डीनच्या) नावे करा. त्यात नीटचा रोल नंबर, फेरी, प्रवर्ग, प्रवेशाची तारीख आणि कारण एका ओळीत लिहा. विद्यार्थ्याची सही हवीच, वय अठराच्या आत असेल तर पालकांचीही. सोबत वाटपपत्र आणि फीची पावती जोडा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका; पुढे तारखेचा वाद झाला तर तोच पुरावा.

मग ना-देय (काही बाकी नसल्याचं) प्रमाणपत्र: ग्रंथालय, वसतिगृह, मेस आणि अ‍ॅनॅटॉमी विभाग. अभ्यासासाठी घेतलेल्या हाडांच्या संचातलं एखादं मनगटाचं हाड हरवलं तरी सही अडते, म्हणून संच देताना यादीशी ताडून द्या. हे काम शेवटच्या दिवसावर ठेवू नका, कारण सह्या करणारे रजेवर असतात आणि मुदत तुमची संपते.

सगळ्यात महत्त्वाची पायरी विद्यार्थी विभागात आहे. कागदी अर्ज मंजूर झाला तरी महाविद्यालयाने पोर्टलवर रद्दची नोंद करायला हवी. एमसीसीच्या पोर्टलवरून न निघालेलं राजीनामापत्र ग्राह्यच धरलं जात नाही. नोंद तुमच्यासमोर करून घ्या आणि प्रिंट मागा.

पुढच्या फेरीत वरची जागा मिळाली असेल तर मात्र राजीनामा देऊ नका. तिथे कार्यमुक्तीचं पत्र (रिलीव्हिंग लेटर) लागतं. घाईत राजीनामा दिलात तर हातची जागा जाते आणि नवीही धोक्यात येते.

मूळ कागदपत्रं परत घेताना शाळा सोडल्याचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र आधी मोजा. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज केला असेल तर तोही रद्द करा, नाहीतर पुढच्या प्रवेशाचा अर्ज अडकतो. फी कर्जातून भरली असेल तर बँकेला लेखी कळवा आणि परताव्याची रक्कम कर्जखात्यात जमा झाली का, ते तपासा.

प्रवेश रद्द करण्याची मुदत उलटून गेली असेल तर कोर्ट सोडवेल या भरवशावर निर्णय घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2019 मध्ये पदव्युत्तर आणि सुपरस्पेशालिटी डॉक्टरांच्या सक्तीच्या सेवेची बंधपत्रं वैध ठरवली आहेत. दंड किती, हप्ते मिळतात का, हे महाविद्यालयाकडून लेखी घ्या आणि मगच सही करा.